टाकीचे पाणी आणि टेबलावरची बाटली



आमच्यापुढे ही पाण्याची बाटली ठेवली आहे. संयोजकांचा त्यात दोष नाही. वक्त्याचा मान ठेवण्याची आजची रीतच ती आहे. येताना सभागृहामागचा नळ मात्र आम्ही पाहून आलो. त्याला तोटी नाही.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा पाण्याचे शास्त्र आम्ही सांगणार नाही. पाणी विकत घेण्याची सवय आमच्या डोळ्यांदेखत कशी लागली, आणि त्यात आमची स्वतःची चूक कोठे झाली, एवढेच सांगावयाचे आहे.

मुंबईत बिसलेरीचे पाणी आले १९६५ साली. बिसलेरी हे एका इटालियन गृहस्थाचे आडनाव. बाटली काचेची. १९६९ साली पार्लेच्या चौहानांनी तो धंदा घेतला. पण पुढे कित्येक वर्षे आमच्यासारख्यांना त्या बाटलीचे दर्शन झाले नाही. इराण्याच्या हॉटेलात बसलो की चहा सांगण्याआधी पोऱ्या पाण्याचे ग्लास आदळी. त्याची बोटे ग्लासात बुडालेली असत, हे खरे; पण त्या पाण्याचे पैसे मागण्याची कोणाची छाती नव्हती. गाडी स्टेशनात शिरली की फिरकीचा तांब्या घेऊन नळाकडे धावावयाचे. एस.टी. स्टँडवर उन्हाळ्यात पाणपोई असे, रांजणाला लाल फडके गुंडाळलेले.

पुढे प्लास्टिकची बाटली आली आणि पाहता पाहता पानाच्या टपरीवर जाऊन बसली. "बिसलेरी द्या" म्हणावे आणि दुकानदाराने भलत्याच नावाची बाटली हाती ठेवावी, असा प्रकार. मग परदेशी कंपन्या उतरल्या. २००१ साली सरकारने या पाण्याला मानक चिन्ह सक्तीचे केले. २००३ पासून खुद्द रेल्वेच 'रेल नीर' विकू लागली. त्याच वर्षी दिल्लीच्या एका संस्थेने अनेक नामांकित बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश असल्याचे दाखवून दिले. असो.

आता आमची गोष्ट. साल १९९७. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला एक कारखाना. नाव घेत नाही. कामगार तीनशेंवर. पाण्याच्या टाकीचे झाकण केव्हाच गेलेले, आत कबुतरांची पिसे. दर पावसाळ्यात काविळीने माणसे पडत. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या अठराव्या कलमात सारे लिहिलेले होते: पुरेसे स्वच्छ पाणी हवे, ते मुतारीपासून सहा मीटर दूर हवे, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत तेथे 'पिण्याचे पाणी' अशी पाटी हवी, आणि अडीचशेंपेक्षा जास्त माणसे असतील तर उन्हाळ्यात ते थंड हवे. हे कलम आम्हांला तोंडपाठ होते. मागण्यांच्या यादीत टाकी चौथी.

वाटाघाटीला बसलो तो प्रत्येकापुढे एकेक सीलबंद बाटली. आम्ही तोवर कधी फोडली नव्हती; झाकण कोणीकडे फिरवावयाचे, हे शेजारच्याचे पाहून फिरवले. आमच्यात एक वयस्क सभासद होते, तात्या म्हणत असू. त्यांनी बाटली न फोडता पिशवीत टाकली. जिन्यावर आम्ही थट्टा केली, तेव्हा म्हणाले, "गावात माझ्या आईच्या ओंजळीत पाणी वरून ओतत. या बाटलीला कोणाचा हात लागला नि कोणाचा नाही, हे कोणी विचारणार नाही." तात्या महाडकडचे. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले तो मुलूख. त्या दिवशीपासून बाटलीला सरसकट नावे ठेवणे आम्ही सोडले.

तिसऱ्या बैठकीत व्यवस्थापनाने तोड काढली. टाकीचे पुढे पाहू. तूर्त प्रत्येक कायम कामगाराला पाण्याचा भत्ता, महिना चाळीस रुपये. सभासद खूश झाले. आम्हीही झालो. रोख पैसे पदरात पडत होते, टाकीचे काय, ती आज ना उद्या होईल! आम्ही सही केली. गेटवर हार घालून घेतले.

भत्त्याचे पैसे घरी गेले. पाण्यावर कोणी खर्चले नाहीत. प्यायले सगळे त्याच टाकीचे. आणि साठ-पासष्ट कंत्राटी पोरे होती, त्यांना तर भत्ताही नव्हता. ती आमची सभासद नव्हती. पुढच्या पावसाळ्यात त्यांतले अकराजण काविळीने पडले. त्यांतला एक दवाखान्यात आम्हांला म्हणाला, "भाऊ, पाण्याचे पैसे तुम्ही घेतलेत, मग आता टाकीचे कोणी बोलावयाचे?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. व्यवस्थापनापाशी मात्र होते. पुन्हा टाकीचा विषय काढला तेव्हा त्यांनी करारावरची आमचीच सही पुढे केली. कायद्याने जे देणे त्यांच्यावर होते ते आम्ही चाळीस रुपयांना विकले होते.

मग कंत्राटी पोरांना सभासद करून घेतले. पहिली पावती तात्यांनी फाडली. गेटसभा झाल्या, कारखाने निरीक्षकाकडे खेपा झाल्या. १९९९ च्या मे महिन्यात नवी टाकी बसली, झाकणासकट. थंड पाण्याचे यंत्र यावयास आणखी एक उन्हाळा गेला. तात्या निवृत्त होईपर्यंत त्या टाकीचे पाणी त्याच बाटलीत भरून घेत. भत्त्याचे चाळीस रुपये पुढच्या करारात पगारात मिसळून गेले, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.