रात्रीचा पारा लिहून ठेवा
(पेडगाव येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



विषय दिलाय ‘उबदार हिवाळा आणि परसबाग’. ऋतू का होतात, पान अन्न कसं तयार करतं, हे सगळ्यांचं शाळेत झालंय. त्यात वेळ घालवत नाही. मी एक मागणं घेऊन आलोय. प्रत्येक घरानं आपल्या अंगणातला रात्रीचा पारा वहीत लिहावा.

दुपारचं ऊन कुणालाही कळतं. झाडाचं बरंचसं ठरतं ते रात्री. आंबा घ्या. काडी जून झालेली असावी आणि दोन-तीन आठवडे रात्री 15 अंशांच्या आसपास किंवा खाली राहाव्यात, म्हणजे शेंड्याच्या डोळ्यातून मोहर निघतो. रात्री विशीच्या वर राहिल्या की त्याच डोळ्यातून बहुधा तांबूस पालवी फुटते. आंबा वर्षाआडही येतो, हे खरं. पण तेवढ्यावर भागत नाही.

आपला भाग थंडीचा. डिसेंबर 2018 मध्ये परभणीचा पारा पाच अंशांच्याही खाली गेला होता. नोव्हेंबर 2024 च्या शेवटी ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं, इकडं ढग आले आणि महाराष्ट्रातली थंडी पळाली. आभाळ मोकळं असलं की जमिनीची उष्णता रात्री वर निघून जाते. ढग ती अडवतात. पुढचा फेब्रुवारी तर सरासरी तापमानात देशातला 1901 पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला.

माझ्या आत्याच्या परसात केशर आंबा आहे. एका उबदार हिवाळ्यात तो पालवीनं नुसता लाल झाला. आत्या म्हणाली, नजर लागली. कुणी जुना जोडा टांगला, कुणी बुंध्याला मूठभर युरिया टाकला. मी गेलो तेव्हा बुंध्याशी वाकून पाहिलं. मोरीच्या पाण्याची चारी थेट आळ्यात सोडलेली. माती काळी, बोट घालावं तर चिखल. ओलीवर पांढऱ्या मुळ्या वर आलेल्या. थंडी नव्हती, तरी पाण्याचा ताण बसला असता तर झाड थोडं थांबलं असतं. इथं दोन्ही बाजूंनी त्याला वाढ वाढ म्हणणंच चाललेलं. मोसंबीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. आंबिया बहारासाठी ते बागेला ताण देतात, आणि थंडी कमी पडली की ताण जास्त सांभाळतात. परसातल्या झाडाला मात्र आपण मायेनं रोज पाजतो.

(श्रोत्यांतून : रात्री उठून पारा कोण बघणार? हशा.)

हसा, पण उठायची गरजच नाही! हा बघा, कमाल-किमान तापमापक. जेम्स सिक्स नावाच्या इंग्रजानं अठराव्या शतकात काढला. वाकडी नळी, आत पारा, पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर बारीक लोखंडी काडी. पारा काडीला ढकलतो आणि मागं सरकताना तिला तिथंच सोडून येतो. रात्री दोनला नीचांक आला असेल तरी सकाळी सातला काडी तिथंच सापडते. काडीचं खालचं टोक वाचायचं, मग चुंबक फिरवून ती पुन्हा पाऱ्यावर टेकवायची. सावलीत टांगा, भिंतीला चिकटवू नका. सिमेंटची भिंत दिवसाचं ऊन रात्री ओकते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात येतोच, असं म्हणाल. तो तिथल्या मोकळ्या शेताचा. तुमच्या अंगणाला दोन भिंती आणि पत्र्याचं छप्पर आहे.

(अध्यक्षांची चिठ्ठी : पाच मिनिटे.)

मग बाकीचं भरभर. शेवंती फुलते ती लहान दिवसांवर, पण रात्री गरम असल्या तर कळ्या रेंगाळतात. खत वाढवून उपयोग नाही. मेथी-कोथिंबीर लवकर फुलावर येते, म्हणून एकदम वाफा न पेरता थोडी थोडी पेरा. मोगरा छाटला की उबेत लगेच फुटतो आणि मागून थंडी आली तर कोवळे शेंडे करपतात. ढगाळ हवेत मोहरावर तुडतुडे आणि भुरी येते; रोज मोहराखाली उभं राहून वर बघा.

आणि आंब्याचं पाणी आजच तोडा. मोरीची चारी केळीकडे वळवा. युरिया नको. तुमच्या वहीत रात्री 18-20 च्या वर दिसत असतील तर पाणी बिलकुल सोडू नका. मोहर येऊन कैरी वाटाण्याएवढी झाली, की मग हलकं पाणी सुरू करा.