गॅस बाईच्या नावाने, माहितीही बाईच्या हाती

(शहापूर-मुरबाडच्या महिला गटांसमोर केलेले भाषण)

मैत्रिणींनो, २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि बाईच्या नावाने गॅस मिळू लागला. पण सिलिंडर भरून आणणे परवडत नाही, म्हणून पाड्यांवर चूलही पेटतीच राहिली. धोका इथेच आहे. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत पसरतो, आणि आपली चूल जमिनीवरच! म्हणून दोन्ही एका खोलीत नकोत. सिलिंडर उभा ठेवा, शेगडी त्याहून उंचावर. नळी पाच वर्षांनी बदला.

वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचे बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा.

सिलिंडर देताना गळती तपासणे हे वितरकाचे काम आहे, मेहेरबानी नव्हे. तपासून मागा.

आणि बाई भाजली की ‘तिचाच निष्काळजीपणा’ म्हणून सगळे मोकळे होतात. पूर्वी ‘स्टोव्हचा भडका’ म्हणत, आता गॅसचे नाव घेतील. सिलिंडर, नळी, घरातली माणसे, सगळ्यांची चौकशी झालीच पाहिजे, हा आग्रह गटाने धरायचा.