न सांगितलेली पदवी

'नोकरी शोधणाऱ्या मुलांसाठी रेझ्युमेबद्दल बोला' असं अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने मला सांगितलं होतं. समोर पाहतो तर मुलं चार आणि बाकी सगळे आई-बाबा. बरंच झालं म्हणायचं.

मॅरिली जोन्स हे नाव तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. या बाई १९७९ मध्ये एमआयटी विद्यापीठात साध्या पदावर लागल्या आणि चढत चढत प्रवेश विभागाच्या डीन झाल्या. कॉलेजप्रवेशाच्या चढाओढीत मुलं पिचतात, अर्ज फुगवण्याच्या नादात त्यांचं लहानपण जातं, हे त्या जाहीरपणे सांगत. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. एप्रिल २००७ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांनी तीन संस्थांच्या पदव्या सांगितल्या होत्या आणि त्यांतली एकही खरी नव्हती. ज्या पदावर त्या सुरुवातीला लागल्या, त्याला पदवीची अटसुद्धा नव्हती.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ऑल्बनीमधल्या सेंट रोज या लहानशा कॉलेजातून बाईंनी खरोखर पदवी घेतलेली होती. ती मात्र त्यांनी सांगितली नाही! मला वाटतं, रेझ्युमेतल्या खोट्याचं मूळ इथे आहे. हाव असतेच, पण त्याआधी आपल्याजवळ जे आहे त्याची लाज वाटत असते.

आता आपल्याकडे वळू. आपल्यातले कितीतरी जण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेले. तो डिप्लोमा रेझ्युमेवर दिसत नाही. नापास होऊन गेलेलं वर्ष तारखांमध्ये बेमालूम जिरवलं जातं. तीन वर्षांची बीएस्सी इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जाईलच असं नाही, म्हणून तिच्यापुढे काहीबाही लिहिलं जातं. आणि एच-फोर या अवलंबित व्हिसावर आलेल्या बायका! २०१५ पर्यंत या व्हिसावर कामाची परवानगीच नव्हती. त्यानंतर मिळू लागली, तीही सगळ्यांना नाही. मग पाच-सहा वर्षांची ती मोकळी जागा 'फ्रीलान्स कन्सल्टंट' अशा शब्दांनी भरायची आणि मुलाखतीत क्लायंटचं नाव विचारलं की घसा कोरडा पडायचा. अहो, सरळ लिहा की डिपेन्डंट व्हिसा, कामाची परवानगी नव्हती. कायद्याने घातलेल्या बंदीबद्दल तुम्ही का खाली मान घालायची? त्याच वर्षांत तुमच्यातल्या कुणी मराठी शाळा उभी केली, कुणी गणपतीचा सगळा हिशेब सांभाळला. ते मात्र 'हे काय सांगायचं' म्हणून राहून जातं.

पकडलं जाण्याची भीती घालायला मी आलो नाही, तरी दोन गोष्टी सांगून टाकतो. इथे पदवी पडताळायला फार वेळ लागत नाही. भारतातली नोकरीही आता पीएफच्या यूएएन या खातेक्रमांकावरून महिन्यानिशी कळू शकते, त्यामुळे विकतच्या अनुभवपत्राचे दिवस भरत आले आहेत. आपल्या लोकांना धोका जास्त आहे, कारण आपला रेझ्युमे नोकरीपाशी थांबत नाही. ग्रीन कार्डासाठी कंपनी लेबर सर्टिफिकेशन काढते तेव्हा तीच वर्षं आणि तेच अनुभव सरकारी फॉर्मवर चढतात. महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितल्याचं तिथे ठरलं, तर इथला कायदा माणसाला कायमचा अपात्र ठरवू शकतो. वाढवून लिहिलेलं एक वर्ष तेव्हा फार महाग पडतं.

मोठ्या पदावरच्या माणसालाही हे महाग पडतं. स्कॉट थॉम्प्सन याहू या इंटरनेट कंपनीचे सीईओ होते. त्यांची पदवी अकाउंटिंगची. परिचयात मात्र कॉम्प्युटर सायन्सही जोडलेलं. ते ज्या कॉलेजात शिकले, तिथे त्यांच्या वेळी ती पदवी मिळतच नव्हती. एका गुंतवणूकदाराने मे २०१२ मध्ये हे बाहेर काढलं आणि त्याच महिन्यात, रुजू होऊन जेमतेम चार महिने झालेले असताना, त्यांना पद सोडावं लागलं. नुसत्या अकाउंटिंगवर त्यांचं काय अडलं असतं, मला अजून कळलेलं नाही.

आता पालकांसाठी, थोडं बोचेल असं. २०१९ मध्ये रिक सिंगर या सल्लागाराचं कॉलेजप्रवेशाचं कांड उघड झालं. मुलं खेळाडू नसताना त्यांचे खेळाडू म्हणून फोटो तयार करणारे आई-बाप आपण पाहिले, हसलोही. पण कॉलेजच्या अर्जासाठी मुलांच्या स्वयंसेवेच्या तासांची पत्रं तर आपलंच मंडळ देतं ना? मुलगा मंडपात तासभर खुर्च्या लावतो, उरलेला वेळ फोनवर असतो आणि आठवड्याने बाबांचा सचिवांना निरोप येतो, 'चाळीस तास लिहून द्या, सगळेच देतात.' सचिव बिचारे ओळखीचे, नाही कसं म्हणणार? मुलाच्या आयुष्यातला पहिला रेझ्युमे असा आपल्या लेटरहेडवर तयार होतो, आणि तो कसा झाला हे त्या मुलाला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. यंदाच्या गणपतीत प्रसादाच्या टेबलाशेजारी हजेरीवही ठेवा. येताना-जाताना मुलांनी स्वतःच्या हाताने वेळ लिहायची. अकरा तास भरले तर पत्रावर अकराच लिहा, आणि खाली मुलाने नेमकं काय केलं ते दोन ओळींत. बाबांचा फोन आला तर माझं नाव सांगा.