सून ऐकत नाही, की सुनेला ऐकू येत नाही?



पत्रिकेत विषय छापलाय ‘कानातलं वाढलेलं हाड’. पण मी खिशात नादकाटा घेऊन आलोय, आणि खरं तर त्याचीच वकिली करणार आहे.

पडद्यामागे हातोडा, ऐरण, रिकीब ही तीन हाडं. ते शाळेत झालंय, पुढे जातो. रिकीब जेमतेम 3 मिलिमीटरची, अंगातलं सगळ्यांत लहान हाड. काहींच्या कानात तिच्या बुडाशी नको तिथं नवं हाड घडतं आणि ती गंजलेल्या बिजागरीसारखी जाम होते. याला म्हणतात ओटोस्क्लेरोसिस. बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतं, बायकांत पुरुषांच्या साधारण दुप्पट, आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतं.

दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळावरचं एक जोडपं आलं होतं. नवरा म्हणाला, “घरात हाक मारली तर ओ देत नाही. गुऱ्हाळावर चरक घरघरत असतो, तिथं मात्र सगळं बरोबर ऐकते. नाटकच की हे, डॉक्टर!” सासूबाईंची मान आधीच हलत होती. (हशा) कुणीतरी कानात बघून सांगितलं होतं, मळ नाही, पडदा शाबूत, मनाचं आहे.

मंडळी, गलक्यात नीट ऐकू येणं हे नाटक नव्हे, ही या आजाराची खूण! गलक्यात आपण सगळेच ओरडून बोलतो. तिला गलका कमी ऐकू येतो, ओरडणं मात्र पोहोचतं. 1672 मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसनं अशाच एका बाईची हकिगत लिहिली. ढोल वाजत असला तरच तिला नवऱ्याचं बोलणं कळे. नवऱ्यानं चक्क ढोल वाजवणारा गडी नोकरीला ठेवला! आपल्याकडे ही सोय लग्नापुरतीच. (हशा)

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ढोल आवरतो.

हा 512 कंपनांचा नादकाटा. वाजवून त्या सुनेच्या कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. तुम्हा-आम्हाला समोर मोठा ऐकू येतो. ती हळूच म्हणाली, “मागं मोठा येतोय.” हळूच, कारण स्वतःचा आवाज हाडातून तिला मोठा ऐकू येतो. घरात त्यालाही नाव होतं: घुमी.

पुढच्या रांगेतले डॉक्टर अस्वस्थ दिसतात. माझा रोख तुमच्यावर नाही! ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवणचाचणी, हवीच. पण तिला यंत्र लागतं, खोली लागते, आणि मुळात शंका यावी लागते. शंका हा काटा देतो. प्रत्येक दवाखान्यात रक्तदाबाच्या यंत्राशेजारी तो असावा, एवढंच मागणं.

उपचार घाईत सांगतो. श्रवणयंत्र चांगलं चालतं. नाहीतर शस्त्रक्रिया: 1956 मध्ये अमेरिकेत जॉन शे यांनी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची बसवली, आता बारीक पिस्टन बसवतात. शंभरात एखाद्याचा कान मात्र कायमचा जातो. ते आधी सांगायचं, सही नंतर. बाळंतपणानं आजार वाढतो का, यावर जाणकारांचं एकमत नाही. तेव्हा त्यावरूनही सुनेला बोल लावू नका.

घंटी ऐकली, अध्यक्षमहाराज. काटा टेबलावर ठेवतोय. सुना नंतर, सासूबाईंनी आधी स्वतःचे कान तपासून घ्यावेत.