विहीर माझी, पाणी कुणाचं?

(गोंडपिपरी येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



विषय कळल्यावर काही जणांनी मला फोन करून विचारलं, ‘भाईजान, कॅथलिक धर्म आणि निसर्ग, हे आपल्या पोरांना कशाला? आपल्या दीनमध्ये काय कमी आहे?’ कमी काहीच नाही. माणूस जमिनीवर खलिफा आहे, मालक नाही, हे आपण लहानपणीच शिकलो. सूरह रहमानमध्ये मीझान, म्हणजे तोल सांभाळायला सांगितलंय, ती सूरह इथल्या कित्येकांना पाठ असेल. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण तर मस्जिदीत नळाच्या वरच रंगवलेली असते. खालच्या नळाचं वॉशर मात्र गेलेलं असतं.

पाठ असलेली गोष्ट गावच्या विहिरीपर्यंत कशी न्यायची, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला एका कॅथलिक धर्मगुरूंच्या कामात सापडलं, आणि ते धर्मगुरू मराठी होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. तुमच्यातल्या वाचणाऱ्यांना नाव माहीत असेल. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. ‘पाद्री कसा काय अध्यक्ष?’ म्हणून तेव्हा काही संघटनांनी गोंधळ घातला होता. जन्म १९४२ चा, वसईतल्या नंदाखालचा. १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २५ जुलै २०२४ ला ते गेले. पुस्तकांबद्दल बोलायला माझ्यापेक्षा जाणकार माणसं आहेत. मी इंजिनियर, मी पाण्याबद्दल बोलतो.

वसई म्हणजे मुंबईच्या उत्तरेची खाडीपलीकडची पट्टी. पोर्तुगीज तिथे १५३४ ते १७३९ होते. तिथले ख्रिस्ती त्या काळापासूनचे, पण आहेत अस्सल भूमिपुत्र: शेतकरी, बागायतदार, कोळी. घरात सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्याच बोली. राजेळी केळी, ती सुकवून केलेली सुकेळी, विड्याची पानं, फुलं, भाजीपाला, हे सगळं तिथून मुंबईच्या बाजारात जायचं. वाडीवाडीत विहीर आणि पावसाचं पाणी धरून ठेवणारं लहानसं तळं. त्याला ते बावखल म्हणतात. आपल्याकडची बोडी समजा.

आता जरा विज्ञान. समुद्रकाठच्या जमिनीखाली गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. हिशोब साधारण असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर खाली चाळीसेक मीटरपर्यंत गोडं पाणी सापडतं. याचा उलटा अर्थ लक्षात घ्या. वरची पातळी तुम्ही अर्ध्या मीटरने खाली आणली, तर खालून खारं पाणी वीस मीटर वर सरकतं. विहिरीत डोकावणाऱ्याला फक्त अर्धा मीटर दिसतो. वीस मीटरचं त्याला कळतं ते केळीची पानं कडेने करपायला लागल्यावर.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने या हिरव्या पट्ट्यातली जमीन मोठ्या प्रमाणावर इमारतींसाठी मोकळी करायचं ठरवलं. पुढे नियोजन सिडकोकडे आलं. इमारती उठल्या, नळ आले नाहीत. मग टँकर आले. वाडीतल्या विहिरींवर पंप लावून दिवसरात्र पाणी उपसायचं आणि नव्या वस्त्यांना विकायचं, असा धंदाच उभा राहिला. विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. फादर दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी केली. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, प्रकरणं कोर्टात गेली. जमिनीच्या व्यवहाराला धरून गुंडगिरी वाढली होती, तिच्याविरुद्धही ते उघड बोलले. धमक्या आल्या.

मला यातली जी गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, ती मोर्च्याच्या फोटोत दिसत नाही. टँकरवाल्याला पाणी विकणारी विहीर कुणाची होती? वाडीतल्याच माणसाची. बिल्डरला जमीन देणाऱ्यांत कोण होते? रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारेही होते. म्हणजे सरकारविरुद्ध भाषण करणं हा कामाचा सोपा भाग. अवघड भाग आपल्याच जमातीला सांगायचा होता, की बाबा, विहीर तुझी आहे, पण जमिनीखालचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतही तेच आहे. आपल्याकडे इंग्रजांच्या १८८२ च्या कायद्यापासून समज अशी, की जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं. कायद्याने तो माणूस बरोबरच होता. त्याला चूक म्हणायला धर्माचा आधार घ्यावा लागला.

हा आधार कॅथलिक शिकवणीत जुना आहे. त्यांचं म्हणणं असं, की सृष्टीतली संपत्ती ईश्वराने सगळ्यांसाठी दिली, खासगी मालकी चालेल, पण ती या पहिल्या हक्काच्या खालची. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ नावाचं मोठं पत्र काढलं. कॅथलिकांपुरतं नाही, पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून. त्यात हवामानालासुद्धा सगळ्यांची सामाईक ठेव म्हटलंय, आणि जमिनीचं दुखणं व गरिबाचं दुखणं ही दोन वेगळी दुखणी नाहीत, असं बजावलंय. हे पोप तरुणपणी रसायनशास्त्राचे तंत्रज्ञ होते, पत्रात धूर, कचरा, पाणी यांचा तपशील भरपूर आहे. मला ते आवडण्याचं एक कारण तेही.

चर्च नेहमी असं बोलत होतं का? नाही. १९६७ मध्ये लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून थेट आरोप केला, की माणसाने पृथ्वीवर सत्ता गाजवावी ही पाश्चात्त्य ख्रिस्ती समजूत निसर्गाच्या नाशाच्या मुळाशी आहे. आपल्यावर कुणी असा लेख लिहिला असता तर आपण काय केलं असतं, याचा विचार करा. निषेधाचं पत्रक, बहिष्कार, दोन दिवस व्हॉट्सॲपवर धुमाकूळ. याच व्हाइटने लेखाच्या शेवटी सुचवलं होतं, की असिसीच्या संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे संत माना. बारा वर्षांनी, १९७९ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं जाहीर करून टाकलं. आणि २०१५ च्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी मान्य केलं, की बायबलमधल्या त्या सत्तेच्या वचनाचा काही ख्रिस्ती लोकांनी चुकीचा अर्थ लावला. माणसाला बाग कसायची आणि राखायची, अशी दोन्ही कामं दिली होती.

हे असिसीचे फ्रान्सिस १२१९ मध्ये, ऐन धर्मयुद्धात, सैन्याची रेषा ओलांडून इजिप्तच्या सुलतानाला, अल-कामिल यांना भेटायला गेले होते. सुलतानाने त्यांना आदराने वागवलं आणि सुखरूप परत पाठवलं. त्याच ‘लाउदातो सी’मध्ये पोपनी अली अल-खव्वास या सूफींचा आधार घेतलाय, सृष्टीतल्या आवाजांत ईश्वराची खूण ऐकण्याबद्दल. कॅथलिक पोपच्या अधिकृत पत्रात एक मुसलमान सूफी! पोपना सूफीकडून शिकताना संकोच वाटला नाही, तर आपल्याला वसईच्या फादरकडून शिकताना का वाटावा?

आणि शिकायचं तरी काय? आपल्याच हदीसमध्ये आहे, की पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सगळे भागीदार. वसईची सगळी भांडणं पहिल्या शब्दात आहेत. गोंडपिपरीत तिन्ही आहेत.

पाणी बघा. तालुक्याच्या दोन बाजूंना वर्धा आणि वैनगंगा, पुढे मिळून प्राणहिता, तरी मे महिन्यात गावोगाव हंड्यांची रांग. माजी मालगुजारी तलाव कुणाच्या वडिलांनी बांधले नाहीत, सगळ्यांच्या पणजोबांनी बांधले, आणि आज गाळाने भरलेत. आग म्हणजे त्या काळी जळण आणि उजेड, म्हणजे आजची ऊर्जा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. मी पुण्यात संगणकावर बसतो, आमच्या धंद्यात ‘क्लाउड’ हा शब्द दिवसातून वीसदा येतो. तो काही ढग नाही. ती खोल्या भरभरून यंत्रं आहेत, त्यांना वीज लागते आणि थंड ठेवायला बहुधा पाणीही. वीज तारेने दूर जाते, राख इथेच राहते.

तिसरा चारा, म्हणजे जंगल. यासाठी मला वसईला जायची गरज नाही, आपल्याच तालुक्यात पाचगाव आहे. बहुतेक गोंड वस्तीचं हे लहान गाव. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला हजार हेक्टरच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा स्वतः बांबू तोडते, विकते, हिशोब ठेवते. पण मला त्यांचा दुसरा निर्णय जास्त भारी वाटतो. त्यांनी तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. पत्ता चांगला यावा म्हणून खुटकटाई होते, जंगलाला आग लावली जाते, झुडपं छाटली की टेंभरं लागत नाहीत, मग पाखरांनी आणि जनावरांनी खायचं काय? हातात येणारा पैसा सोडायचा निर्णय त्यांनी एकमेकांत बोलून घेतला. यात चर्च नाही, मस्जिद नाही. फादर दिब्रिटो वाडीत जे पटवून द्यायला धडपडत होते, ते पाचगावात आधीच लोकांना कळत होतं.

कॅथलिक मंडळी आपल्याकडे नाहीत असं नाही. १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चने चांद्यात आपलं मिशन क्षेत्र उभं केलं, त्यांचं मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. आपल्यातले बरेच जण सिस्टरच्या शाळेत शिकले. शाळेची फी आणि शिस्त यापलीकडे आपण त्यांच्याशी कधी बोललो नाही. ते आपल्याशीही नाही.

आता जरा अंगावर येणारं बोलतो. आपल्या जमातीत आरागिरण्या आहेत. तेंदूचे ठेकेदार आहेत. ट्रक आहेत, रेती आहे, बोअरची गाडी आहे. हलालचा धंदा आहे, घाम गाळून केलेला आहे, मी कुणाला चोर म्हणत नाही. वसईतला विहीरवालाही चोर नव्हता. पण बोअर तीनशे फुटांवरून पाचशेवर गेली की शेजारच्या बाईची विहीर आटते, आणि हे जुम्याला कुणी बोलत नाही, कारण बोअरवाला मस्जिदीला चंदा देतो. वसईतही चंदा देणारे होतेच. बोलायचं कुणी, हा प्रश्न त्यामुळे इमामसाहेबांवर ढकलू नका. त्यांचा पगार त्याच चंद्यातून येतो. आपण बोललं पाहिजे, ज्यांची नोकरी बाहेर आहे त्यांनी आधी.

दुसरं. अल्पसंख्याक म्हणून आपण रस्त्यावर येतो ते कशासाठी? कब्रस्तानची जागा, कुणाला मारहाण झाली, कुठला कायदा आला. यायलाच हवं, त्यात मी कमी करा म्हणत नाही. पण गावाच्या तलावासाठी निघालेल्या मोर्च्यात आपण किती असतो? वसईत ख्रिस्ती अल्पसंख्याकच. फादरनी ‘ख्रिस्ती वसई वाचवा’ म्हटलं नाही. समितीचं नाव ‘हरित वसई’. या नावात हिंदू बागायतदाराला जागा होती, कोळ्याला होती. याची किंमत पडते, हेही सांगतो. झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीसाठी आयुष्य घालवलेले जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मध्ये अटकेत गेले आणि जुलै २०२१ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात वारले. भीती खोटी नाही.

आणि जिंकले का फादर? अर्धे. हिरव्या पट्ट्याचा काही भाग वाचला, बराच गेला. जुलै २०१८ च्या पावसात वसई दिवसेंदिवस पाण्यात होती, मिठागरातली माणसं अडकली, रेल्वे थांबली. पाणी जिरायच्या जागा बुजल्यावर दुसरं काय होणार. जे तीस वर्षांपूर्वी सांगत होते, त्यांना हे बघायला मिळालं.

इथे काय करता येईल, याबद्दल माझी सूचना लहान आहे. खेड्यात राहणारे तुम्ही सगळे ग्रामसभेचे सदस्य आहात, जातधर्माचा प्रश्नच नाही. ग्रामसभेत नुसतं ‘पाणी कमी झालं’ म्हटलं तर सरपंच म्हणतो, ‘दरवर्षीचंच आहे.’ आकडा ठेवला तर त्याला तसं म्हणता येत नाही. सरकारची भूजल यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, पण तुमची विहीर त्यात असेलच असं नाही. म्हणून आपण मोजू. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करायची, तिथून पाण्यापर्यंत टेप सोडायचा, तारीख घालून वहीत लिहायचं. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा. मोहल्ल्यातल्या विहिरी, गोंड टोल्यावरच्या विहिरी, बौद्धवाड्यातल्या, शाळेतली, सिस्टरच्या आवारातली, सगळ्या एकाच वहीत. दोन वर्षांची वही झाली, की बोअर कुठे खोल गेली आणि कुणाची विहीर आटली, ते नाव न घेता दिसेल.

टेप मी आणलाय, तीस मीटरचा. खाली वजनाला मोठा नट बांधलाय. पहिली विहीर कुणाची मोजायची ते चहा घेता घेता ठरवू.