बोटीतला कोळसा, पेटीतला हापूस
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जयगडला तवसाळच्या फेरीबोटीची वाट पाहत उभे राहिले, की मोठी मालवाहू जहाजे नजरेस पडतात. या बोटींचा आणि आपला काय संबंध, असे कुणीही सहज विचारील. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या घरातल्या दिव्यापर्यंत पोचतो.

शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगड किल्ला पूर्वी खाडीतल्या गलबतांवर नजर ठेवी. २००९ साली इथे खोल पाण्याचे नवे बंदर सुरू झाले. शेजारच्या १२०० मेगावॉटच्या वीज प्रकल्पासाठी परदेशी कोळसा इथेच उतरतो. पण तो रुपयांत मिळत नाही, डॉलर मोजावे लागतात. खनिज तेलाचे तसेच. आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो.

रुपया आपण छापू शकतो, डॉलर मात्र कमवावा लागतो. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली. जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते चलन उरले. अडल्या घरातला दागिना सावकाराकडे जातो, तसे देशाचे सोने परदेशात गहाण पडले.

मग डॉलर येतात कुठून? आपण बाहेर विकतो त्या मालातून आणि सेवांतून. एकूण निर्यातीत आपल्या हापूसचा वाटा अगदी लहान. पण निर्यातीचा धडा तो चांगला शिकवतो. काही पेट्यांत फळमाशी सापडत राहिली, म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४पासून भारतीय आंब्याला दार बंद केले. ऐन हंगामात! ज्या बागायतदाराने फळ जिवापाड जपले होते, त्याचीही पेटी अडली. कारण परक्या बाजारात पेटीवर नाव कुणाचेही असो, पत देशाची असते. गरम पाण्याची प्रक्रिया, कडक तपासणी अशी व्यवस्था बसवल्यावर जानेवारी २०१५मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय झाला.

म्हणून परदेशी व्यापार हा केवळ दिल्ली-मुंबईचा विषय नाही. आयात थांबली तर दिवा मंदावेल. निर्यात थांबली तर आयातीचे पैसे भागणार नाहीत. या दोहोंचा मेळ सरकारी धोरणाने बसतो, तसाच बागेत पेटी भरणाऱ्याच्या चोखपणानेही बसतो. एक डागाळलेले फळ बाजूला काढणारा हातही देशाची गंगाजळी राखत असतो.