वृद्धांची संघशक्ति

'पेन्शनर' हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. हातांत काठी, गळ्याला मफलर, संध्याकाळीं बागेंतल्या बांकावर ठरलेली बैठक, आणि बोलण्याचा विषय बहुधा नव्या पिढीचें बेजबाबदार वर्तन! पुणें शहराला तर पेन्शनरांचें गांव असें नांवच पडलें होतें. या चित्रांत थट्टा आहे, पण जिव्हाळाहि आहे. ज्याला पेन्शन आहे, राहावयास घर आहे आणि गप्पा मारावयास चार समवयस्क आहेत, त्याची थट्टा करण्यास हरकत नसते. ज्याच्यापाशीं यांतलें कांहींच उरलेलें नाहीं तो म्हातारा बागेंत येतच नाहीं, आणि म्हणून आपल्या चित्रांतहि येत नाहीं. अशाच एका न दिसणाऱ्या वृद्धेपासून जिचा आरंभ झाला त्या संस्थेची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. ही संस्था अमेरिकेंतली. तिचें मूळ नांव 'अमेरिकन असोसिएशन ऑफ रिटायर्ड पर्सन्स', म्हणजे निवृत्तांची अमेरिकन संघटना. १९९९ पासून तिनें 'ए. ए. आर. पी.' हीं आद्याक्षरेंच आपलें नांव म्हणून स्वीकारलीं आहेत. तिच्या सभासदांची संख्या आज पावणेचार कोटींच्या आसपास आहे.

ही संस्था काढणाऱ्या बाईंचें नांव एथेल पर्सी अँड्रस. त्यांचा जन्म १८८४ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें झाला. शिक्षण शिकागो येथें. १९०३ मध्यें शिकागो विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्या शिक्षिका झाल्या, आणि त्याच शहरांत जेन ॲडम्स यांनीं गरिबांच्या वस्तींत चालविलेल्या 'हल हाउस' या प्रसिद्ध सेवाकेंद्रांत स्वयंसेविका म्हणून काम करूं लागल्या. १९१० मध्यें त्या कॅलिफोर्नियांत परतल्या आणि १९१६ मध्यें लॉस एंजल्स शहराच्या पूर्व भागांतील एका हायस्कुलाच्या मुख्याध्यापिका झाल्या. स्त्रीला असें पद मिळणें त्या वेळीं त्या प्रांतांत नवलाचें होतें. नाना देशांतून पोटासाठीं आलेल्या लोकांचीं मुलें त्या शाळेंत येत. बाईंनीं मुलांबरोबर त्यांच्या आईबापांसाठींहि वर्ग सुरू केले. अठ्ठावीस वर्षें ही शाळा चालवून १९४४ मध्यें, आईच्या आजारपणामुळें, त्यांनीं निवृत्ति घेतली.

अठ्ठावीस वर्षें मुख्याध्यापिका राहिलेल्या या बाईंना पेन्शन किती मिळालें असेल? महिना सुमारें ६० डॉलर. त्यांच्या घरची स्थिति बरी होती, म्हणून त्यांचें निभावलें. पण ज्यांना या पेन्शनावरच दिवस काढावयाचे होते त्यांचें काय? अमेरिकेंत १९३५ मध्यें सामाजिक सुरक्षिततेचा कायदा झाला आणि पासष्टीनंतर कामगारांना निवृत्तिवेतन मिळण्याची तजवीज झाली. परंतु प्रांतिक व स्थानिक सरकारांच्या नोकरांना त्या वेळीं या कायद्याबाहेर ठेवलें होतें, आणि सरकारी शाळांतले शिक्षक यांतच मोडत. ज्यांनीं साऱ्या राष्ट्राला अंकगणित शिकविलें त्यांचाच हिशेब राहून गेला!

वृद्धांचा संघ ही कल्पनाहि त्या देशांत अगदींच नवी नव्हती. १९३३ मध्यें कॅलिफोर्नियांतल्याच फ्रान्सिस टाउनसेंड नांवाच्या एका डॉक्टरानें अशी योजना मांडली होती, कीं साठी उलटलेल्या प्रत्येक निवृत्त माणसाला सरकारनें दरमहा २०० डॉलर द्यावेत, अट एवढीच कीं ते त्यानें महिन्याच्या आंत खर्च करावेत. या योजनेच्या पाठीमागें लक्षावधि म्हातारे उभे राहिले, गांवोगांव मंडळें निघालीं, आणि त्या दडपणाचा १९३५ च्या कायद्याला हातभारहि लागला. पण ती चळवळ एकाच मागणीवर उभी होती. कायदा झाला, मागणीची धार गेली, आणि मंडळें हळूहळू ओस पडलीं. मागणी संपल्यावर सभासदांनीं एकत्र येऊन करावयाचें काय, याचें उत्तर टाउनसेंड यांच्यापाशीं नव्हतें. अँड्रसबाईंना तें सांपडलें, तें एका कोंबड्यांच्या खुराड्यांत.

निवृत्तीनंतर बाईंनीं कॅलिफोर्नियांतील निवृत्त शिक्षकांच्या संघांत गरजू सभासदांची विचारपूस करण्याचें काम पत्करलें होतें. संस्थेंत सांगितली जाणारी हकीकत अशी, कीं एके दिवशीं एका दुकानदारानें त्यांना एका वृद्ध बाईची चौकशी करण्यास सुचविलें. दिलेल्या पत्त्यावर त्या गेल्या, तर या नांवाचें येथें कोणी राहत नाहीं असें उत्तर मिळालें. त्या परत फिरणार, इतक्यांत कोणी तरी म्हणालें, "म्हणजे ती मागच्या बाजूची म्हातारी तर नव्हे?" मागें जाऊन पाहतात तों एक खुराडें. त्यांत राहत होती ती स्पॅनिश भाषेची एक निवृत्त शिक्षिका. तिचें पेन्शन महिना सुमारें ४० डॉलर, आणि त्यांत भाडें, अन्न व औषधपाणी हीं तिन्ही बसत नव्हतीं.

या प्रसंगांत मला सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट खुराड्याची नव्हे. त्या बाईचें नांव त्या घरांत कोणाला माहीत नव्हतें, ही आहे. मजुराचें दारिद्र्य रस्त्यावर दिसतें, त्याच्यासाठीं कोणी तरी ओरड करतो. शिकल्यासवरल्या माणसाचें दारिद्र्य मात्र स्वतःच दार लावून घेतें. त्याला दान नको असतें. दान घेण्यापेक्षां तें उपाशी राहील. तेव्हां अशा माणसाला मदत करावयाची तर ती मदत न वाटेल अशा रूपानें करावी लागते. हक्क म्हणून, किंवा स्वतःच्या वर्गणीचा मोबदला म्हणून. १९४७ मध्यें अँड्रसबाईंनीं निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली, त्या वेळीं त्यांचें वय त्रेसष्टीच्या घरांत होतें.

संघटनेनें पेन्शनवाढीसाठीं खटपट केली, १९५४ मध्यें कॅलिफोर्नियांत ओहाय या गांवीं निवृत्त शिक्षकांसाठीं 'ग्रे गेबल्स' नांवाचें निवासस्थान काढलें. परंतु तिचें खरें कर्तृत्व विम्याच्या बाबतींत आहे, आणि तेथें थोडें थांबलें पाहिजे.

त्या काळीं पासष्टी ओलांडलेल्या माणसाला आजारपणाचा विमा मिळणें फार कठीण होतें. ज्याचा विमा नोकरीच्या ठिकाणीं उतरलेला असे त्याचाहि तो बहुधा नोकरीबरोबर संपे. म्हणजे छत्री होती ती उन्हाळ्यापुरती! विमा कंपन्यांची बाजूहि समजून घेतली पाहिजे. सत्तर वर्षांचे एखादे गृहस्थ एकटेच येऊन विमा मागूं लागले, म्हणजे कंपनीच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हा, कीं यांना आजच विम्याची आठवण कां व्हावी? कांहीं तरी दुखणें लागलें असलें पाहिजे. म्हणून ती हप्ता वाढविते. हप्ता वाढला कीं धडधाकट वृद्ध विमा घेत नाहींत, घेणाऱ्यांत रोगीच अधिक उरतात, आणि मग हप्ता आणखी वाढतो. शेवटीं कंपनी दारच बंद करते. यांतून सुटण्याचा एक मार्ग असा, कीं त्या दाराशीं एकट्यानें जाऊं नये, हजारोंनीं जावें. आणि तेंहि अशा हजारोंनीं, जे विम्यासाठीं जमलेले नसून दुसऱ्याच कांहीं कारणानें एकत्र आलेले आहेत. अशा समुदायांत निरोगी आणि रोगी हे दोघेहि येतात, आणि मग विमागणिताला त्यांचा हिशेब करतां येतो. संघटनेच्या सभासदत्वाचा सर्वांत मोठा लाभ तो हाच.

ही गोष्ट आज सोपी वाटते, पण ती पटवितां पटवितां अँड्रसबाईंनीं चाळीसाहून अधिक कंपन्यांचे उंबरठे झिजविले. सगळीकडे नकार. अखेर १९५५ मध्यें न्यूयॉर्क प्रांतांतील निवृत्त शिक्षकांना लेनर्ड डेव्हिस नांवाच्या एका तरुण विमा-एजंटानें सामुदायिक विमा मिळवून दिल्याचें त्यांच्या कानीं आलें. त्यांनीं त्याला गांठलें, आणि १९५६ मध्यें शिकागोच्या एका कंपनीमार्फत साऱ्या देशांतील निवृत्त शिक्षकांसाठीं वैद्यकीय तपासणीशिवाय विम्याची सोय झाली. तेव्हां शिक्षक नसलेल्या वृद्धांचीं पत्रें येऊं लागलीं: आम्ही शाळेंत शिकविलें नाहीं, हा आमचा अपराध काय? त्या पत्रांना उत्तर म्हणून १९५८ मध्यें ए. ए. आर. पी. स्थापन झाली. वार्षिक वर्गणी दोन डॉलर. 'सेवा घेण्यासाठीं नव्हे, सेवा करण्यासाठीं' हें ब्रीद. आणि 'मॉडर्न मॅच्युरिटी' नांवाचें नियतकालिक, ज्याचें संपादन बाई स्वतः पाहत. पुढें टपालानें स्वस्त औषधें पाठविण्याची व्यवस्था झाली, उतारवयांत शिकण्याचे वर्ग निघाले, प्रवासाच्या सवलती आल्या. या लहानसहान फायद्यांची यादी मी वाचून दाखवीत नाहीं.

कायद्याच्या क्षेत्रांतली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. अमुक वय झालें कीं माणसाला कामावरून दूर करावें, या रूढीला बाईंचा मोठा विरोध होता. जुलै १९६७ मध्यें त्या वारल्या, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत, चाळीस ते पासष्ट या वयांतील माणसांना केवळ वयामुळें नोकरींत डावलण्यास बंदी करणारा कायदा झाला. १९७८ मध्यें ती मर्यादा सत्तरांवर गेली, आणि १९८६ मध्यें बहुतेक धंद्यांपुरती वरची मर्यादाच काढून टाकण्यांत आली. या वाटचालींत संघटनेचा मोठा वांटा होता.

आतां नाण्याची दुसरी बाजू. १९६५ मध्यें राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं पासष्टीवरील नागरिकांसाठीं 'मेडिकेअर' हा सरकारी वैद्यकीय विमा सुरू केला, आणि त्याचें पहिलें कार्ड ८१ वर्षांच्या माजी अध्यक्ष ट्रुमन यांना दिलें. या योजनेसाठीं खरी झुंज दिली ती कामगार संघांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका वृद्धसंघानें; अँड्रसबाईंचा ओढा स्वावलंबनाकडे अधिक होता. पण सरकारी विम्यानें सगळा खर्च भागेना, आणि त्याच्या जोडीला घ्यावयाच्या पूरक विम्याची विक्री हेंच संघटनेच्या नांवाखालीं चालणारें सर्वांत मोठें काम होऊन बसलें. डेव्हिस यांनीं १९६३ मध्यें स्वतःची कंपनी काढली होती. सभासदांना विमा विकण्याचा मक्ता तिच्याकडे होता, आणि त्यावर ते अतिशय श्रीमंत झाले. १९७८ मध्यें दूरचित्रवाणीच्या एका लोकप्रिय कार्यक्रमानें हा प्रकार चव्हाट्यावर आणला, तेव्हां लोकांनीं विचारलें, कीं संस्थेसाठीं विमा आहे कीं विम्यासाठीं संस्था? मक्ता काढून घेण्यांत आला, दुसऱ्या कंपन्या आल्या; परंतु आपलें नांव वापरूं देण्याबद्दल मिळणारा मोबदला हेंच आजहि संस्थेचें मुख्य उत्पन्न आहे, आणि तें वर्गणीच्या कित्येक पट आहे. १९९४ मध्यें या उत्पन्नावरील कराच्या वादांत तिला करखात्याशीं तडजोड करून १३ कोटि ५० लाख डॉलर भरावे लागले.

मला यांत आश्चर्य वाटत नाहीं. जी संख्या कंपनीचें बंद दार उघडते, तीच संख्या कंपनीला गिऱ्हाइकांची तयार पेठ म्हणून दिसते. त्यामुळें अशा संस्थेंत सभासदांनीं झोंपून चालत नाहीं. आणि अमेरिकेंतले म्हातारे झोंपले नाहींत, याचें एक उदाहरण देतों. १९८८ मध्यें मोठ्या आजारपणाचा खर्च भागविणारा एक कायदा संघटनेच्या पाठिंब्यानें मंजूर झाला. त्याचा पैसा मात्र वृद्धांपैकींच सुस्थित लोकांवर अधिक कर बसवून उभारावयाचा होता. पहिल्या वर्षीं माणशीं ८०० डॉलरपर्यंत. ज्यांच्याजवळ पूरक विमा आधींच होता ते खवळले. ऑगस्ट १९८९ मध्यें शिकागो येथें कायदेमंडळाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष रोस्टेनकौस्की यांची मोटार वृद्धांच्या जमावानें अडविली. एक बाई तर मोटारीच्या पुढच्या भागावरच पडून राहिल्या! त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा रद्द झाला. संघटनेला आपल्याच सभासदांचें मन कळलें नव्हतें.

तरीहि बाईंचें ब्रीद सर्वस्वीं पुसलें गेलें असें म्हणतां येत नाहीं. १९६८ पासून संघटनेचे स्वयंसेवक दरवर्षीं करपत्रकें भरण्याच्या हंगामांत लोकांना विनामूल्य मदत करीत आले आहेत. वाचनालयांत, गांवच्या सभागृहांत टेबलें मांडून निवृत्त हिशेबनीस, शिक्षक, कारकून बसतात. परीक्षा देऊन ते या कामाला लागतात, आणि समोर आलेल्या अनोळखी माणसाचे कागद उलगडून त्याचें पत्रक भरून देतात. येणारे बहुधा थोड्या मिळकतीचे आणि उतारवयाचे असतात. तेथें सभासदत्वाचें कार्ड कोणी मागत नाहीं.